डेटा चुकून उडाला, आता काय करायचं?

समजा, ऑर्डर्सच्या टेबलमधली एकच ऑर्डर रद्द करायची होती. अपडेटची क्वेरी लिहिली, चालवण्यासाठी निवडली, आणि निवडताना व्हेअरची ओळ, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणारी अट, बाहेर राहिली. पडद्यावर आकडा आला: ४८,२१३ ओळी बदलल्या. पोटात गोळा येतो तो इथे. त्या क्षणापासून पुढे काय करायचं, ते या लेखात सांगतो.

डिस्क जळणं, सर्व्हर बंद पडणं हे वेगळे बिघाड. तिथे काहीतरी बिनसलंय हे डेटाबेसलाही कळतं. इथे त्याच्या लेखी सगळं सुरळीत आहे, कारण सांगितलं तेच त्याने केलंय. म्हणून रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसच्या मागोमाग जुळत राहणारी प्रत, असली तरी ती इथे वाचवत नाही. मूळ सर्व्हरवर पुसलेली ओळ रेप्लिकावरही काही क्षणांत पुसली जाते.

नवख्यांना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पुसलेला डेटा बहुतेक वेळा त्याच क्षणी नाहीसा होत नाही. तो कुठल्या तरी लॉगमध्ये, अन्डूमध्ये (बदलाआधीची किंमत जपणारी जागा) किंवा जुन्या बॅकअपमध्ये शिल्लक असतो. खरं नुकसान होतं ते नंतरच्या तासाभरात, घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

१. हात थांबवा, पण विंडो बंद करू नका

ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट, अजून उघडं आहे का, हे आधी बघा. सुरुवातीला बिगिन लिहिलं असेल आणि कमिट (बदल पक्के करणं) झालं नसेल, तर रोलबॅक (बदल मागे घेणं) लिहा आणि सुटलात. पोस्टग्रेसचं पीएसक्यूएल आणि मायएसक्यूएलचा क्लायंट मुळात ऑटोकमिटवर चालतात. बिगिन लिहिलं नसेल तर तिथे प्रत्येक क्वेरी संपताक्षणी पक्की होते. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये कमिट आपण करायचं असतं, पण एक्झिट लिहून बाहेर पडलात तर ते टूल जाता जाता स्वतःच कमिट करून टाकतं. घाबरून बाहेर पडू नका म्हणतो ते यासाठी.

ड्रॉप (टेबलच काढून टाकणं) आणि ट्रंकेट (टेबल एका झटक्यात रिकामं करणं) यांचं गणित निराळं आहे. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत टेबल ड्रॉप किंवा ट्रंकेट केलं असेल तर तेही रोलबॅक होतं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये होत नाही. उलट तिथे या आज्ञा त्यांच्याआधी केलेलं अर्धवट कामही कमिट करतात.

क्वेरी अजून चालूच असेल तर ती रद्द करा. अर्धवट झालेला बदल पोस्टग्रेस आणि इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं नेहमीचं इंजिन) पूर्ण मागे घेतात. मोठ्या टेबलवर इनोडीबीला मागे यायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ थांबायचं. सर्व्हर जबरदस्तीने बंद केलात तर उरलेलं रोलबॅक पुन्हा चालू झाल्यावर करावंच लागतं, आणि मधल्या काळात सगळेच अडकतात.

कमिट होऊन गेलं असेल, तर लगेच उलटी क्वेरी चालवायचा मोह होतो. सगळ्या ऑर्डर्स ‘रद्द’ झाल्या, मग सगळ्या ‘पोहोचली’ करू आणि ज्या नव्हत्या त्या हाताने नीट करू, असं वाटतं. असं करताना लोकांना मी पाहिलंय. पहिल्या चुकीनंतर निदान कुठल्या ओळी बिघडल्या ते दिसत होतं. दुसऱ्या क्वेरीनंतर तेही दिसेनासं झालं.

२. वेळ आणि क्वेरी लिहून ठेवा

दोन मिनिटं लागतात, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. चाललेली क्वेरी जशीच्या तशी उतरवून घ्या. किती ओळी बदलल्या तो आकडा, कुठल्या युजरने आणि कुठल्या मशीनवरून चालवली, हेही लिहा. वेळ घ्यायची ती सर्व्हरला विचारून, भिंतीवरचं घड्याळ बघून नाही. सोबत टाइमझोन हवाच. पोस्टग्रेसला रिकव्हरीची वेळ झोनशिवाय दिली तर तो सर्व्हरच्या सेटिंगमधला झोन धरतो. मायएसक्यूएलचं बायनरी लॉग (झालेल्या बदलांची नोंद) वाचणारं टूल ज्या मशीनवर चालवाल तिथला स्थानिक झोन धरतं. या फरकापायी कित्येक तासांची चूक होते आणि ती लवकर लक्षातही येत नाही.

शक्य असेल तर लॉगमधली जागाही टिपा. मायएसक्यूएलमध्ये चालू बायनरी लॉगचं नाव आणि पोझिशन, पोस्टग्रेसमध्ये चालू एलएसएन, म्हणजे लॉगमधल्या जागेचा क्रमांक. वेळेपेक्षा ही खूण जास्त नेमकी असते, कारण एका सेकंदात शेकडो ट्रान्झॅक्शन्स होऊन जातात.

३. पुरावा वाचवा

उशीर केलेली रेप्लिका तुमच्याकडे असेल, म्हणजे मुद्दाम तासभर किंवा काही तास मागे ठेवलेली, तर सगळं सोडून आधी तिचं पुढे सरकणं थांबवा. चूक अजून तिच्यापर्यंत पोहोचलेली नसते. मायएसक्यूएलमध्ये अशा रेप्लिकाला ठरावीक पोझिशनपर्यंतच पुढे जा असं सांगता येतं, तर पोस्टग्रेसमध्ये रिप्ले थांबवता येतो. अशी रेप्लिका वेळेत थांबली, तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या वाचतात.

मग जुनं साफ करणारी कामं थांबवा: बॅकअप फिरवून जुने पुसणारी, लॉग पुसणारी, रात्री चालणारी. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग मुळात चालू असतो आणि ३० दिवस राहतो. पण जागा वाचवायला कुणी ती मुदत एका दिवसावर आणली असेल, तर लॉग आत्ताच दुसरीकडे कॉपी करा.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली ओळ लगेच पुसली जात नाही. ती मृत म्हणून खुणावली जाते आणि व्हॅक्यूम, म्हणजे मृत ओळी झाडणारी प्रक्रिया, येईपर्यंत पानावर पडून राहते. ऑटोव्हॅक्यूम साधारण मिनिटाला एकदा जागा होतो, आणि मृत ओळी टेबलच्या २० टक्के अधिक ५० यापलीकडे गेल्या की त्या टेबलला हात घालतो. सगळं टेबल डिलीट झालं असेल तर तो येणारच. म्हणून त्या टेबलपुरता ऑटोव्हॅक्यूम लगेच बंद करा. पीजी डर्टीरीड नावाचं एक्स्टेन्शन अशा मृत ओळी वाचून दाखवतं. मात्र यावर फार विसंबू नका. गच्च भरलेलं पान नुसतं वाचतानाही पोस्टग्रेस त्यातल्या मृत ओळी झाडून टाकू शकतो. ट्रंकेट किंवा ड्रॉप झालं असेल तर हा मार्ग नाहीच, कारण तिथे फाइलच बदलते किंवा जाते.

डिस्कची स्नॅपशॉट घेता येत असेल तर या टप्प्यावर घ्या. पुढे हातून काही बिघडलं तरी निदान इथपर्यंत परत येता येईल.

ॲप बंद करायचं का? नुसत्या ओळी गेल्या असतील तर बहुधा नाही. पण चुकीच्या डेटावर ॲप पुढे निर्णय घेणार असेल, उदाहरणार्थ ‘रद्द’ दिसलेल्या ऑर्डर्सचे पैसे आपोआप परत करणार असेल, तर ते काम तरी थांबवाच. हे एकट्याने ठरवू नका. वरिष्ठांना याच टप्प्यावर सांगा. लपवलेल्या प्रत्येक मिनिटात लोक त्या डेटावर नवीन काम करत असतात.

४. किती लांबवर पसरलंय ते बघा

एका टेबलमधून ओळी गेल्या म्हणजे तेवढ्याच गेल्या असं नाही. फॉरेन कीवर (दोन टेबलं जोडणाऱ्या दुव्यावर) ऑन डिलीट कॅस्केड लावलेलं असेल तर ऑर्डरसोबत तिच्या वस्तू, पेमेंटच्या नोंदी, शेरे, सगळं गेलेलं असतं. ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारी कामं) असतील तर त्यांनी आणखी कुठे काय लिहिलं तेही तपासा. मायएसक्यूएलमध्ये इथे एक खोच आहे. हे कॅस्केड बराच काळ इनोडीबीच्या आतच होत आलंय, आणि अशा आवृत्त्यांत पोटटेबलांतल्या पुसलेल्या ओळी बायनरी लॉगमध्ये येत नाहीत. लॉग उलटा फिरवून मूळ ऑर्डर्स परत आणल्या तरी त्यांच्या वस्तू येणार नाहीत. अशा वेळी पूर्ण रिस्टोअरचाच रस्ता धरा.

५. सोपा मार्ग आहे का?

ओरॅकल असेल तर आधी फ्लॅशबॅक बघा. सिलेक्ट क्वेरीत ‘ॲज ऑफ टाइमस्टॅम्प’ लावून टेबल दहा मिनिटांपूर्वी कसं होतं ते वाचता येतं. हा डेटा अन्डूमधून येतो आणि अन्डू राखण्याची मुदत मुळात ९०० सेकंद असते, म्हणजे १५ मिनिटं. प्रत्यक्षात जास्तही टिकतो, पण त्या भरवशावर राहू नका. जुन्या ओळी लगेच एका नव्या टेबलमध्ये उतरवून घ्या आणि मग शांतपणे विचार करा. ड्रॉप केलेलं टेबल रिसायकल बिनमध्ये असतं आणि एका आज्ञेत परत येतं, अर्थात पर्ज लावलं नसेल तर. ट्रंकेट रिसायकल बिनमध्ये जात नाही.

मारियाडीबीमध्ये बायनरी लॉग वाचणाऱ्या टूललाच फ्लॅशबॅकचा पर्याय आहे. ओळींच्या स्वरूपातला लॉग आणि ओळीची पूर्ण प्रतिमा असेल, तर ते डिलीटचं इन्सर्ट करून देतं आणि अपडेट उलटं फिरवतं. मायएसक्यूएलच्या लॉगमध्येही जुनी किंमत आणि नवी किंमत दोन्ही असतात, फक्त उलटं करायचं काम आपल्याला करावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून टेम्पोरल टेबल्स आहेत. ती आधीच लावून ठेवली असतील तर जुनी ओळ नुसत्या सिलेक्टने मिळते.

एसक्युलाइटसाठी ॲप बंद करा, डेटाबेसची फाइल आणि शेजारी वॉल फाइल (ताज्या बदलांची नोंद) असेल तर तीही कॉपी करा, आणि जे करायचं ते कॉपीवर. व्हॅक्यूम चालवू नका. शेलमधल्या रिकव्हर आज्ञेने मोकळ्या पानांतलं काही कधी कधी निघतं.

६. शेजारी रिस्टोअर करा, वरून नाही

वरचं काहीच जमलं नाही तर बॅकअप. चालू डेटाबेसवर बॅकअप कधीही उतरवू नका. रात्री दोनचा बॅकअप दुपारी चारला वरून उतरवला, तर चुकीसोबत मधल्या चौदा तासांचं खरं कामही जातं. दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या नावाने डेटाबेस उभा करा, त्याला चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत आणा, आणि हवं तेवढंच तिथून उचला. याला पॉइंट इन टाइम रिकव्हरी म्हणतात.

पोस्टग्रेसमध्ये यासाठी दोन गोष्टी लागतात: चुकीच्या आधी पूर्ण झालेला बेस बॅकअप (सर्व्हरच्या डेटा फाइल्सची प्रत), आणि तेव्हापासूनच्या सगळ्या वॉल फाइल्स. वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवला जातो तो लॉग. तो १६ एमबीच्या तुकड्यांत असतो, आणि चुकीच्या वेळचा तुकडा अजून भरलेला नसेल तर आर्काइव्हमध्ये पोहोचलेला नसतो. मूळ सर्व्हरवर वॉल बदलायची आज्ञा दिली की तो जातो. नुसता पीजी डंप (टेबलांतला डेटा बाहेर काढून घेतलेली फाइल) असेल तर त्याच्यावर वॉल चढवता येत नाही. डंप ज्या क्षणी घेतला, तेवढंच मिळेल.

दुसऱ्या मशीनवर त्याच मुख्य आवृत्तीचा पोस्टग्रेस घ्या आणि बेस बॅकअप उलगडा. सुरू करण्याआधी त्या प्रतीच्या सेटिंगमधलं आर्काइव्हिंग बंद करा. नाहीतर ही तात्पुरती प्रत मूळच्या आर्काइव्हमध्ये स्वतःच्या फाइल्स घुसवते. मग रिस्टोअर कमांडमध्ये वॉल फाइल्स कुठून आणायच्या ते सांगा, रिकव्हरी टार्गेट टाइममध्ये चुकीच्या थोडी आधीची वेळ टाइमझोनसकट लिहा, आणि डेटा डिरेक्टरीत ‘रिकव्हरी.सिग्नल’ नावाची रिकामी फाइल ठेवा. ही फाइल १२ व्या आवृत्तीपासून आली. त्याआधी हे सगळं ‘रिकव्हरी.कॉन्फ’मध्ये लिहीत.

सर्व्हर सुरू केल्यावर तो लॉग चढवत जातो आणि त्या वेळेला पोहोचला की थांबतो. थांबलेल्या अवस्थेत वाचता येतं. टेबल बघा, ओळी मोजा. फार आधी थांबला असेल तर बंद करा, वेळ थोडी पुढे सरकवा, पुन्हा सुरू करा. मागे मात्र येता येत नाही. पुढे निघून गेलात तर बेस बॅकअपपासून सगळं पुन्हा. म्हणून पहिल्यांदा मुद्दाम दोन-चार मिनिटं आधीचीच वेळ द्या. हवा तो क्षण सापडल्यावर त्याला प्रमोट करायचीही, म्हणजे लिहिता येणारा स्वतंत्र सर्व्हर बनवायचीही, गरज नाही, त्या थांबलेल्या सर्व्हरवरूनच टेबलचा डंप घेता येतो.

मायएसक्यूएलमध्ये पद्धत तीच. आधीचा डंप दुसरीकडे उतरवा. डंप घेताना बायनरी लॉगची पोझिशन नोंदवण्याचा पर्याय वापरला असेल तर ती डंपच्या सुरुवातीला लिहिलेली सापडते. तिथून लॉग चढवायला सुरुवात करा. कुठे थांबायचं, ते लॉग वाचता येईल अशा रूपात उलगडून आधी शोधा, आणि वेळेऐवजी पोझिशन द्या. लॉगच्या फाइल्स अनेक असतील तर सगळ्या एकाच आज्ञेत द्या. चुकीची आज्ञा तेवढी वगळून पुढचं सगळं चढवण्याची युक्ती काही लोक सांगतात. नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे, कारण नंतरचे बदल बदललेल्या डेटावर झालेले असतात आणि कुठे काय अडकेल सांगता येत नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर, म्हणजे सगळा लॉग बॅकअपपर्यंत जपणाऱ्या सेटिंगवर, हवा. सिंपलवर असेल तर शेवटचा फुल किंवा डिफरेन्शियल बॅकअप एवढंच हाताशी. आधी एक साधा लॉग बॅकअप घ्या, म्हणजे चुकीपर्यंतचा लॉग हातात येतो. हा बॅकअप नोरिकव्हरी लावून घेऊ नका, नाहीतर चालू डेटाबेस रिस्टोअरच्या अवस्थेत जाऊन बंद होईल. मग नव्या नावाने फुल बॅकअप नोरिकव्हरीसकट (म्हणजे पुढे लॉग चढवायची सोय ठेवून) उतरवा, लॉग ओळीने चढवा, आणि स्टॉपॲटमध्ये वेळ द्या.

क्लाउडवरची तयार सेवा असेल तर हे सगळं एका बटणामागे असतं. ॲमेझॉन आरडीएस जास्तीत जास्त ३५ दिवसांपर्यंतचा कुठलाही क्षण परत देतं, तोही नव्या इन्स्टन्सवर, म्हणजे शेजारीच.

७. फक्त गेलेलं परत आणा

इथे सर्वांत जास्त डोकं लागतं, आणि लोक इथेच सर्वांत जास्त घाई करतात. जुन्या प्रतीतलं टेबल चालू डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने आणा, समजा ‘ऑर्डर्स_आधीचं’. आता दोन्ही टेबलं प्रायमरी कीवर (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमवर) जोडून बघा.

डिलीटची चूक असेल तर जुन्यात आहे आणि नव्यात नाही अशा ओळी हव्यात. पण त्यातल्या काही चुकीनंतर कुणी रीतसर पुसल्या असतील तर त्या परत येता कामा नयेत. अपडेटची चूक असेल तर जास्त जपा. आपल्या उदाहरणात ४८,२१३ ओळींवर ‘रद्द’ पडलं. त्यानंतर कुणी काही ऑर्डर्स खरोखर ‘पाठवली’ केल्या असतील. म्हणून जिथे आत्ताची स्थिती अजूनही ‘रद्द’ आहे तिथेच जुनी स्थिती लिहायची, आणि ती एकच कॉलम बदलायची, पूर्ण ओळ नाही. पत्ता किंवा रक्कम मधल्या वेळेत बदललेली असू शकते. चुकीनंतर खरोखर रद्द झालेल्या ऑर्डर्सही याच चाळणीत अडकतील. त्या ॲपच्या लॉगमधून किंवा बदलाच्या वेळेवरून शोधून आधी वेगळ्या काढा.

लिहिण्याआधी ट्रिगर बघा. नवी ऑर्डर आली की ग्राहकाला ईमेल पाठवणारा ट्रिगर असेल, तर परत घातलेल्या प्रत्येक ओळीमागे एक ईमेल जाईल. आधी मुख्य टेबल, मग त्यावर अवलंबून असलेली. आयडी जुनेच ठेवा. नवे आयडी दिलेत तर बाकीच्या टेबलांतले दुवे तुटतात. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये करा, बदललेल्या ओळींचा आकडा आधी मोजलेल्याशी जुळला तरच कमिट. पाच-दहा ओळी स्वतः उघडून वाचा, आणि ज्यांचं रोजचं काम त्या डेटावर चालतं त्यांनाही बघायला सांगा. कॅशमध्ये आणि सर्चच्या इंडेक्समध्ये चुकीची प्रत बसलेली असते, ती ताजी करायला विसरू नका. ‘ऑर्डर्स_आधीचं’ लगेच पुसू नका, दोन-चार आठवडे राहू द्या.

८. पुढच्या वेळेसाठी

प्रॉडक्शनवर हाताने काही बदलायचं असेल तर आधी त्याच व्हेअरसकट सिलेक्ट चालवून ओळी मोजा, मग बिगिन, मग बदल, आकडा बघा, मग कमिट. मायएसक्यूएलच्या क्लायंटला सेफ अपडेट्सचा पर्याय द्या. त्याने कीवरची अट किंवा लिमिट नसलेलं अपडेट आणि डिलीट तो नाकारतो. रोजच्या बघण्यासाठी फक्त वाचता येईल असं खातं वापरा. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या बदलाआधी नाव दिलेला रिस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे वेळ शोधत बसावं लागत नाही.

बॅकअप आहे एवढं पुरेसं नाही, तो उतरवून बघितलेला हवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत रेप्लिकेशनची अडचण सोडवताना मुख्य डेटाबेसची डेटा डिरेक्टरीच पुसली गेली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर होता आणि डंप घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे डंप होतच नव्हते, आणि ते होत नसल्याचे ईमेल नाकारले जात होते. शेवटी कामाला आली ती सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक स्नॅपशॉट. मधल्या तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून, तपशिलासकट जगासमोर मांडलं, म्हणून आपल्याला शिकता येतंय.

तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी एखादा रिकामा दिवस धरा, रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवा, लॉग चढवा आणि कालच्या एखाद्या ठरवलेल्या मिनिटावर डेटाबेस उभा करून दाखवा. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहा. त्याच कागदावर बॅकअप कुठे आहे, तो उघडायची किल्ली कुणाकडे आहे आणि नेमक्या कुठल्या आज्ञा चालवल्या, हेही लिहा, आणि तो कागद डेटाबेस बंद असतानाही सापडेल अशा जागी ठेवा.